वरची पेज, खालची शितं

पोलीस लाइनीत नव्यानं भरती झालेल्या पोरी आल्या, की कोणी ना कोणी त्यांना माझ्या क्वार्टरची वाट दाखवतं. "त्या ताईले विचारा, थोडक्यात पोट कसं भरावं ते तिले माहीत हाये." पहिला पगार हाती आलेला नसतो, मेस परवडत नाही, घरी मागायची लाज वाटते. येतात बिचाऱ्या वही-पेन घेऊन, जसं काही मी कायद्याचं कलमच सांगणार आहे. मी सांगते. अख्खा तांदूळ घेऊ नका, गिरणीतली कणी घ्या, ती पाणी जास्त पिते आणि फुगते जास्त. अंबाडीची भाजी करा, आंबटासोबत भात जास्त जातो आणि भाजी थोडकीच पुरते. मूठभर सुके झिंगे भाजून लाल मिरचीसोबत कुटून ठेवा, बोटभर चाटलं तरी ताट संपतं. रिकाम्या पोटी चहा ढोसू नका. चहा भूक मारत नाही, नुसती फसवतो. आणि सकाळी पेज प्या.

पोरी सगळं लिहून घेतात. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. पेज वाढायची कशी, ते. ते मला फार चांगलं येतं, आणि येतं याचीच मला शरम आहे. तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहून काढते.

पेज म्हणजे दुसरं काय, भरपूर पाण्यात कणी शिजवायची, मीठ घालायचं, झालं. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, थोडा वेळ तशीच राहू दिली की शितं तळाला बसतात आणि वर पांढरट पाणी उरतं. ओगराळं वरच्यावर बुडवलं तर कटोरा काठोकाठ भरतो, पण त्यात शितं मोजून दहाही नसतात. तेच तळातून ढवळून काढलं तर त्याच कटोऱ्यात एका माणसाचं जेवण असतं. वरून पाहिलं तर दोन्ही कटोरे सारखे. भांडायला जागाच राहत नाही.

हे मी आईकडून शिकले. कुरखेड्याकडं आमचं गाव. दीड एकर धानाची जमीन, बाकी मजुरी. आई गंजाजवळ पाटावर बसायची आणि कटोरे ओळीनं मांडायची. आधी आम्हा दोघी बहिणींचे, वरच्यावर. मग दोन भावांचे, मधले. बापाचा शेवटी, अगदी तळाचा, त्यात ओगराळं उभं राहायचं. स्वतः ती गंज विसळून ते पाणी प्यायची आणि चारचौघींत सांगायची, "माह्या घरातून कोणी उपाशी उठत नाई." उपाशी उठत नव्हतोच. पोट तट्ट फुगलेलं असायचं. तासाभरानं एकदा मागच्या वाडीत जाऊन आलं की ते रिकामं.

नऊ-दहा वर्षांची असताना मी एकदा तिच्या हातातलं ओगराळं ओढून गंजात खोल घातलं. तिनं ते हिसकावून माझ्या मनगटावर हाणलं. "ढवळू नको! पेज नासते." मी रडत होते तर वर म्हणाली, "खायले काळ अन् भुईले भार." पेज ढवळल्यानं नासत नाही हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. लग्नाच्या पंगतीत लोक हसून म्हणतात ना, वाढपी ओळखीचा असला की कुठंही बसा. माझा वाढपी माझी सख्खी आई होती आणि मी तिच्या अगदी समोर बसत होते. तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, माझ्या हाती ओगराळं आलं तर मी ढवळून वाढीन. मोठी आली होती शहाणी!

बावीस वर्षांची झाले आणि ओगराळं हाती आलं. गडचिरोलीत पोलीस भरतीची तयारी करायला आम्ही तिघींनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती. टिनाचं छत, एक शेगडी, एक गंज. एकमेकींना आम्ही गावावरूनच हाक मारायचो. एक वडशाची. तिची आई तिथल्या तांदळाच्या गिरणीत झाडलोट करायची, म्हणून कणी तीच आणायची. बोलघेवडी, हसरी, कोणाशी वाईटपणा न घेणारी. दुसरी एटापल्लीची. माडिया पोरगी, तिचं गाव एटापल्लीहूनही आत, एसटी जिथं संपते त्याच्याही पुढं. मराठी तोलून तोलून बोलायची. तिनं घरून एक गाठोडं आणलं होतं. त्यात वाळलेली मोहफुलं, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि वाळक्या भोपळ्याचं लांब दांड्याचं ओगराळं. आमच्याकडं ओगराळं नव्हतं. तेच खोलीचं झालं.

मी वयानं मोठी, स्वयंपाकात तरबेज, म्हणून गंज माझ्या ताब्यात आला. एटापल्लीची पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमच्यात याले जावा म्हणतात. ज्याले भूक लागली तो आपल्या हातानं घेते." मी तिला तिथंच अडवलं. "इथी तसं चालत नाई. गंजात एकच हात पाहिजे, नाईतर बरकत जाते." माझी आजीसुद्धा पेजेला जावाच म्हणायची. आम्हीही गोंडच. पण आमच्या घरात आजीसोबत गोंडी मेली होती, आणि जंगलातून आलेल्या या पोरीपुढं मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते. मी तिला विचारायची, "काऊन वं, तुमच्या गावाले एसटी येते का अस्वल?" वडशाची फिदीफिदी हसायची. तीही हसायची. तिला वाटत असेल, मैत्रिणी अशाच असतात.

त्या खोलीत मी किती थोडक्यात भागवलं म्हणून सांगू! दोन वांगी तिघींना दोन वेळा पुरवली. बाजार उठताना पडत्या भावानं टमाटर आणायचे, नासके कापून टाकायचे आणि उरलेल्याची लसणाची फोडणी देऊन चटणी. लाखोळीच्या डाळीत वास्ते घातले की डाळ निम्मी लागायची. पहाटे मैदानावर धावायचं, परत येऊन पेज आणि मूठभर भिजवलेले चणे. संध्याकाळी भात. बाजूच्या खोल्यांतली पोरं अंडी-दूध खायची. आम्ही त्यांच्या टरफलांकडं बघून पेज प्यायचो, आणि तरीही पहिले दोन महिने आम्हा तिघींचं अंग भरत होतं. कारण तेव्हा मी खरंच ढवळून वाढत होते. तेवढं श्रेय मी माझ्याकडं ठेवते.

मग घड्याळ मधे आलं.

मैदानावर सराव घ्यायला एक निवृत्त फौजी यायचे. आठशे मीटरला ते मोबाइलवर वेळ लावायचे. एटापल्लीची रोज पहिली. मी रोज दुसरी. रोज! बूटसुद्धा ती दोन आठवड्यांपूर्वी घालायला शिकली होती, आणि मी तिच्या वेणीच्या मागं जीव खाऊन पळत होते. एका सकाळी फौजी म्हणाले, "तुमच्या दोघींचा राखीव वर्ग एकच. पोरींच्या जागा एवढ्याशा. तुमच्यातून यंदा एक निघाली तरी लय झालं." आणि तिच्याकडं बोट करून म्हणाले, "ही निघाली समजा."

त्याच आठवड्यात बापाचा फोन आला. त्याचं बोलणं सरळ असतं. "यंदा झालं त झालं. नाई झालं त दिवाळीनंतर तुले चामोर्शीकडं देऊन राह्यलो." चामोर्शीकडचा तो माणूस मला माहीत होता. बायको मेलेली, दोन पोरं, स्वतःचा ट्रॅक्टर, आणि ती बायको कशानं मेली हे विचारलं की सगळे विषय बदलायचे. मी आईला फोन द्यायला सांगितलं. आई म्हणाली, "ट्रॅक्टर हाये न वं त्याच्याजवळ. पोटभर खाशील." ज्या बाईनं मला बावीस वर्षं पाणी पाजलं, ती मला पोटभर खायला लग्न करायला सांगत होती. मी फोन ठेवला आणि खोलीत येऊन गंजाचं झाकण काढलं.

त्या सकाळी आम्हाला उशीर झाला होता आणि पेज निवळून बसली होती. मी एटापल्लीचा कटोरा घेतला, ओगराळं बुडवलं, आणि हात वरच थांबला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ते ठरवून केलं नव्हतं. तो हात आईचा होता. कटोरा भरला, मी तो तिच्यापुढं सरकवला, मग ढवळलं आणि वडशाचीला आणि मला वाढलं. दुसऱ्या दिवशी मात्र तो हात माझाच होता. पेज निवळावी म्हणून मी मुद्दाम आधी केस विंचरत बसले.

पुढचा दीड महिना हेच. सकाळी पेज वरची. संध्याकाळी डाळ वरची, भात मोकळा आणि उंच रचलेला, आत पोकळ. चण्याची मूठ सैल. घरात तांदूळ नव्हता असं नाही. ती आमच्याइतकाच तांदूळ आणायची, तिच्या वाट्याचं सगळं त्या डब्यात होतं. आणि मला त्यात मजा वाटायची. हे लिहिताना बोटं अडतात, पण वाटायची. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी पोटात किती जायचं हे माझ्या मनगटावर होतं. ती कटोरा तोंडाला लावायची आणि मी तिच्या गळ्याकडं बघत राहायची. ज्याच्या हाती ओगराळं तो देव, बाप्पा!

एकदा तिनं मागितलं. एकदाच. कटोरा पुढं धरून हळूच म्हणाली, "ताई, थोडं ढवळून दे न."

मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ढवळू नाई. पेज नासते."

वडशाचीनं मान वर केली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा एटापल्लीच्या कटोऱ्याकडं, आणि मग स्वतःच्या कटोऱ्याकडं. त्यात शितं दाटलेली होती. तिनं मान खाली घातली आणि खायला लागली. तिला मी दोष देत नाही. मी तिला भरपेट वाढत होते ते उगाच नव्हतं.

एटापल्लीचीनं पुन्हा कधी मागितलं नाही. ती गाठोड्यातली मोहफुलं तव्यावर भाजून खायला लागली. आणि ती एकटी खायची नाही हो! भाजून झाली की तीन मुठी करायची, सारख्या, आणि दोन आम्हाला द्यायची. गाठोडं रोज आटत होतं तरी तीन मुठी. मी माझी मूठ तिच्या तोंडासमोर बसून चावून चावून खाल्ली. गोड होती. एक दिवस गाठोड्याचं फडकं तिनं झटकलं, घडी घातली आणि उशाशी ठेवलं.

मैदानावर मी आधी तिच्या वेणीजवळ आले, मग बरोबरीनं, मग विजेच्या खांबाजवळ तिला मागं टाकायला लागले. फौजी ओरडायचे, "काऊन वं, पाय कुठी गेले तुझे?" ती म्हणायची, "तब्येत बरी नाई जी." धावून झालं की ती गुडघ्यांवर हात टेकून वाकायची आणि बराच वेळ वर उठायची नाही. एकदा उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी दिला.

भरतीच्या दिवशी आठशे मीटरला ती माझ्याच गटात होती. पहिली फेरी ती माझ्या पुढं होती. वाटलं, संपलं, आता चामोर्शी. पण दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिची पावलं मला अडखळताना ऐकू आली, म्हणजे ती मागं पडली होती. मी वळून पाहिलं नाही. मी शेवटची रेघ ओलांडून उभी राहिले तेव्हा ती चालत येत होती. धावत नव्हती, चालत. एका बाईनं तिला पाण्याची बाटली दिली, तर ती पाण्यालाच हसली. मला तेव्हा ते हसू कळलं नाही.

यादीत माझं नाव लागलं. तिचं नाही. चामोर्शीचा माणूस दुसऱ्या कोणाच्या नशिबी गेला.

ती आपली पिशवी भरत होती तेव्हा मी शेगडी पुसत होते, दोन वेळा पुसून झालेली. तिच्या वाटणीचा तांदूळ डब्यात उरला होता. मी म्हटलं, "घेऊन जा न तुझे तांदूळ." ती म्हणाली, "राहू दे. तुमी खा." सगळं ठेवलं तिनं. बादली, चटई, जुने बूटसुद्धा. फक्त खिळ्याला टांगलेलं ते भोपळ्याचं ओगराळं काढलं, पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं. दारातून म्हणाली, "येते ताई." ती गेल्यावर वडशाची मला एवढंच बोलली, "दोघींनी मिळून खाल्लं तिले." आणि तीही महिन्याभरात खोली सोडून गेली.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. नोकरी लागली, भावाच्या घराला मी पत्रा दिला, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. आता माझ्याकडं आली की आई सगळ्यांच्या आधी माझा कटोरा भरते, तळातून. मी तो खाऊ शकत नाही. माफी कशी मागायची ते मी किती वेळा जुळवून ठेवलं होतं. ड्युटीवर उभी असले की मनातल्या मनात वाक्यं म्हणायची. पैसे देऊ का, तिला पोर असेल तर त्याला शिकवू का, असले विचार. तिचं गाव मला माहीत होतं. गेले नाही. भेकड होते म्हणून गेले नाही, दुसरं काही कारण नाही.

मग गेल्या मतदानाला माझी ड्युटी तिच्याच गावात लागली. उन्हाळा असा की झाडाखालीही सावली तापलेली. शाळेच्या खोलीत मतदान, आणि सगळ्या पथकाच्या जेवणाचं काम गावातल्या एका बाईकडं दिलेलं. सकाळी दहाच्या सुमारास ती डोक्यावर गंज घेऊन आली. मी लांबूनच ओळखलं. चाल तीच. चेहरा ओढलेला, दंड वाळलेले, पण चाल तीच. तिनंही मला ओळखलं. तिनं माझ्या वर्दीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ताई, बरी हायेस?" ती म्हणाली. आता तिची मराठी चांगली सुटसुटीत झाली होती.

"बरी हाये," मी म्हटलं. हे वाक्य जुळवलेल्यांत नव्हतं.

तिनं चिंचेखाली गंज ठेवला. आत जावा होता, थोडासा आंबवलेला, गार. पिशवीतून तिनं भोपळ्याचं ओगराळं काढलं. मतदान केंद्रावरचे गुरुजी पहिले गेले. तिनं खोल घालून ढवळलं, वाढलं. मग दुसरे गुरुजी, पुन्हा ढवळलं. मग शिपाई, जीपचा ड्रायव्हर, माझ्यासोबतचे दोघे जवान. प्रत्येकाला तळातून, शितं वर येतील असं. रांगेत माझ्यामागं गावातली एक म्हातारी उभी होती.

माझी पाळी आली. मी कटोरा पुढं केला.

तिनं ओगराळं गंजाच्या काठावर टेकवलं आणि हात मांडीवर ठेवले. "लेकरं किती तुले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, लग्न नाही केलं. "आई बरी हाये?" बरी आहे. "वडशाची कुठी राहते?" ठाऊक नाही. ती सावकाश विचारत होती आणि बोलता बोलता गंजात पाहत होती. मीही पाहत होते. ढवळलेला जावा हळूहळू शांत झाला. शितं खाली बसायला लागली. वर आधी गढूळ, मग पांढरं, मग जवळजवळ निर्मळ पाणी आलं. गुरुजी कोणाला तरी म्हणाले, "जुन्या मैत्रिणी दिसतात." पाठीमागची म्हातारी पाय बदलत होती. एटापल्लीचीला काही घाई नव्हती.

मग तिनं ओगराळं उचललं आणि वरच्यावर, पाणीही हलणार नाही इतक्या अलगद, माझा कटोरा काठोकाठ भरला.

मी तिथंच उभी राहून प्याले. सगळं. खारट, आंबूस, गार. तळाशी चार शितं होती, तीही चाटून घेतली. रिकामा कटोरा मी पुन्हा पुढं केला. मला काय हवं होतं, मला माहीत नाही. माझा जीव रडकुंडीला आला होता आणि वर्दीत रडता येत नव्हतं.

तिनं दुसऱ्यांदाही वरूनच दिलं.

"ढवळून दिलं असतं ताई," ती म्हणाली, "पण ढवळल्यानं पेज नासते म्हणतात न."

"हो," मी म्हटलं.

ती माझ्या मागं उभ्या असलेल्या म्हातारीकडं वळली आणि ओगराळं गंजाच्या तळापर्यंत घातलं.